ए एडक्याचा : वसईच्या मुलांनी चित्रात पाहिलेली मेंढी

अंकलिपीतील स्वर पाठ करताना आमची गाडी नेहमी एकाच ठिकाणी अडत असे. अननस बाजारात दिसे, आई घरातच होती, उखळ पडवीत होते, ऊस वाडीच्या बांधावर होता. 'ए'पाशी आलो की मात्र एक अनोळखी जनावर समोर उभे राही. वळलेली शिंगे, अंगावर पांढऱ्याशुभ्र लोकरीचे गुंडे, पायांखाली हिरवे गवत. ए एडक्याचा! हा एडका आमच्यापैकी कोणीही डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. गुरुजींना विचारले तर ते म्हणत, "बोकडासारखाच असतो, केस थोडे जास्त." तेवढ्यावर आमचे समाधान होई, कारण पुढच्याच चौकोनात ऐरण होती आणि ती आम्ही लोहाराच्या दारात पाहिलेली होती.

रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात हेच जनावर पुन्हा भेटे. तेथे त्याला शिंगे नसत आणि ते प्रभू येशूच्या खांद्यावर बसलेले असे. त्याला कोकरू म्हणत. एडका, मेंढी आणि कोकरू ही एकाच घरातील माणसे आहेत, बाप, आई आणि लेकरू, हे आम्हांला कोणी सांगितल्याचे स्मरत नाही. अंकलिपीतला एडका शाळेचा, कोकरू देवळाचे, अशी आमच्या बालबुद्धीने वाटणी करून टाकली होती.

वाचकांपैकी अनेकांचा अनुभव याहून निराळा नसावा. ज्या भूमीत पोर्तुगीज आमदानीपासून, म्हणजे १५३४ च्या तहापासून, उत्तम मेंढपाळाची कथा सांगितली जात आहे, त्या भूमीत मेंढीच नाही. वसईच्या मुलाला मेंढी भेटली ती चित्रात. म्हणून ही चित्रे कोठून आली आणि येताना त्यांनी बरोबर काय आणले, याचा थोडा मागोवा घ्यावा असे आम्हांला वाटले.

प्रथम मेंढी येथे का नाही ते पाहू. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर यांच्या मधला हा पट्टा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. मेंढी हे कोरड्या माळाचे जनावर. ओल्या चिखलात तिचे खूर कुजतात, भिजलेली लोकर वाळत नाही, आणि बसायला कोरडी जागा नसली की ती आजारी पडते. शिवाय आमच्याकडे मोकळे माळ होतेच कुठे? केळीच्या बागा, पानवेली, फुलझाडे, भाजीचे वाफे आणि वाडीवाडीला पाणी पुरविणारी बावखले. अशा जमिनीत कळप सोडला तर मालक आणि मेंढपाळ दोघेही एका दिवसात रडतील. बैल, म्हैस, शेळी, कोंबडी यांवर आमचा गाडा चालला. त्यामुळे शेळीचे करडू आम्हांला ठाऊक. कोकरू मात्र पुस्तकातले.

गंमत अशी की, ख्रिस्ती चित्रकलेच्या अगदी आरंभीही करडू सापडते. रोममधील प्रिसिल्लाच्या भूमिगत दफनगृहात तिसऱ्या शतकातील एक भित्तिचित्र आहे. क्रूसाचे चित्र सर्रास काढले जाऊ लागण्यापूर्वीचा तो काळ. त्या चित्रातील मेंढपाळ तरुण आहे, त्याला दाढी नाही, दोन्ही बाजूंना मेंढ्या आहेत आणि त्याच्या खांद्यावर आहे ती शेळी! ज्यांना अखेरच्या निवाड्यात डावीकडे उभे करण्याविषयी मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे, त्यांतलीच एक त्याने उचलून घेतली आहे. त्या अनामिक चित्रकाराच्या मनात काय होते, यावर जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्हांला इतकेच म्हणावयाचे आहे की, हे चित्र आमच्या लहानपणी आमच्या हाती पडते तर गुरुजींना फारसे समजावून सांगावे लागले नसते.

तेथून पुढे तेरा-चौदा शतकांची उडी मारून गोव्यात यावे लागते. सतराव्या शतकात गोव्याच्या कारागिरांनी हस्तिदंतात एक मूर्तिप्रकार घडविला. तो गोव्याची खास देणगी मानला जातो. त्यात मेंढपाळ हा प्रौढ ख्रिस्त नसून बाळ येशू आहे. पायऱ्यापायऱ्यांच्या एका खडकाळ डोंगराच्या माथ्यावर तो बसला आहे. अंगात लोकरीचा आखूड झगा, कमरेला प्रवासाची शिदोरी नि पाण्याचा भोपळा. एक कोकरू खांद्यावर, दुसरे मांडीवर. एका हातावर गाल टेकून त्याने डोळे मिटले आहेत. झोपला आहे की ध्यानात आहे, हे पाहणाऱ्याने ठरवावे. त्या मुद्रेत काही अभ्यासकांना बुद्धमूर्तीची छाया दिसली, ती उगाच नव्हे. त्याच्या पायांखाली झरा आहे, झऱ्यावर पाखरे आणि मेंढ्या पाणी पीत आहेत, आणि अगदी तळाच्या गुहेत पश्चात्तापदग्ध मरिया माग्दालेना पहुडली आहे.

वीतभर ते हातभर उंचीच्या या मूर्ती घरच्या देव्हाऱ्यात ठेवण्याजोग्या होत्या. अक्षर न येणाऱ्या मुलाला आई किंवा आजी खालपासून वरपर्यंत बोट फिरवीत त्यावरून सगळी गोष्ट सांगू शकली असती. पुस्तकाची पाने उलटावी तशी ही पायऱ्यांची रचना आहे. म्हणूनच आम्ही तिला आपल्याकडील पहिले चित्रपुस्तक म्हणू इच्छितो, मग त्याला पाने नसली तरी चालतील. हस्तिदंत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येई, नमुना युरोपातून आलेल्या छापील चित्रांवरून घेतला जाई, आणि घडविणारे हात येथले असत. त्या हातांनी खरी मेंढी कितीदा पाहिली असेल, याविषयी मूर्तीच थोडे बोलतात. त्यांतील कोकरे कधी कुत्र्याच्या पिलासारखी दिसतात, कधी वासरासारखी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशा मूर्ती आहेत. जे तेथे जातील त्यांनी या गोष्टीकडे जरूर पाहावे.

त्याच शतकाच्या प्रारंभी, १६१६ साली, रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. स्टीफन्स हे इंग्लंडातील विल्टशर परगण्याचे. तो परगणा मेंढ्यांचा आणि लोकरीचा. त्यांनी लहानपणी कळप पाहिले असणार, यात शंका नाही. पण त्यांनी ओवी लिहिली ती ज्यांनी कळप पाहिलेच नव्हते अशा श्रोत्यांसाठी. मराठी शब्द आपल्याला असा फार लवकर मिळाला. चित्राला मात्र पुष्कळ उशीर झाला.

मुलांसाठी म्हणून मुद्दाम तयार केलेले सचित्र पुस्तक युरोपातही १६५८ सालापर्यंत नव्हते असेच म्हणावे लागेल. त्या वर्षी कोमेनियस या निर्वासित मोरावियन शिक्षणतज्ज्ञाने न्यूरेंबर्ग येथे लॅटिन व जर्मन भाषेतील आपले चित्रमय जगाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या आरंभी प्राण्यांच्या आवाजांवरून अक्षरे शिकविणारी एक वर्णमाला आहे. पहिल्या अक्षराला कावळा ओरडतो आणि दुसऱ्या अक्षराला, 'ब'ला, कोकरू बें बें करते. जगातील मुलांच्या पहिल्या चित्रपुस्तकात दुसऱ्याच चौकटीत कोकरू उभे आहे! आमचा एडका 'ए'ला येतो हे त्या मानाने उशिराच झाले. पण कोमेनियसची योजना आमच्या अंकलिपीहून एका बाबतीत सरस होती. त्याने प्राण्याचे नाव घोकायला न लावता त्याचा आवाज काढायला लावला. आमच्या वर्गात एडका कसा ओरडतो हे कोणी विचारले असते, तर चाळीस मुलांनी चाळीस प्रकारचे आवाज काढले असते.

मराठीत मुलांसाठी सचित्र मासिक काढण्याचा मान ज्यांना द्यावा लागतो त्यांत अमेरिकन मराठी मिशनचा क्रमांक वरचा आहे. १८७३ साली त्यांचे 'बालबोधमेवा' सुरू झाले. ही मंडळी प्रॉटेस्टंट, आणि त्यांचे मुख्य ठाणे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. तो जिल्हा मेंढ्यांचा. तेथील मुलाने अंकातील मेंढीचे चित्र पाहून मान वर केली, तर खिडकीबाहेर खरा कळप जाताना दिसण्याचा संभव होता. वसईच्या मुलाने मान वर केली तर म्हैस दिसे.

आमच्या घराघरांत मेंढी पोहोचविली ती मात्र मासिकांनी नव्हे, तर रंगीत तसबिरींनी. प्लॉकहॉर्स्ट या जर्मन चित्रकाराने (१८२५–१९०७) काढलेला उत्तम मेंढपाळ छापील रूपात जगभर गेला. हाती उंच काठी, कवेत कोकरू आणि मागे कळप. त्याच्या नकला, नकलांच्या नकला, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मिळणारी चित्रे, प्रार्थनापुस्तकात खूण म्हणून ठेवलेले कागद, यांतून ती मेंढी आमच्या डोळ्यांत कायमची बसली. ती नेहमी पांढरी होती, स्वच्छ होती, आणि जेथे उभी होती ते गवत आम्ही कधी पाहिले नव्हते. नाताळच्या गोठ्यातही तीच. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावी पहिला देखावा केला तेव्हा बैल आणि गाढव खरे होते, गवत खरे होते. आमच्या गोठ्यातला पेंढा खरा असतो. मेंढ्या मातीच्या, आणि त्यांवर औषधाच्या दुकानातील कापूस चिकटविलेला. पाऊस गेला, डिसेंबर आला की कापसाच्या त्या पुडीचा वास आजही आम्हांला नाताळचा वास वाटतो.

या चित्रांचा आम्ही अनादर करीत नाही. त्यांच्यासमोर आमच्या आज्या गुडघे टेकून बसल्या आहेत. परंतु एक गोष्ट त्यांनी नकळत केली. मेंढपाळ हा दूर देशीचा, गोऱ्या वर्णाचा, शुभ्र वस्त्रांचा पुरुष असतो आणि मेंढी ही कापसासारखी असते, अशी आमची खात्री करून दिली. त्यामुळे खरा मेंढपाळ समोरून गेला तरी आम्ही त्याला ओळखले नसते. किंबहुना ओळखले नाहीच.

महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत, आणि त्या प्रामुख्याने घाटावर आहेत. दख्खनी जातीची मेंढी बहुधा काळी असते. जतकडची माडग्याळ मेंढी पांढरी असते, पण तिच्याही अंगावर तपकिरी ठिपके असतात. दिवाळी झाली, घाटावरचा चारा संपत आला की धनगरांचे कळप कोकणच्या वाटेला लागतात. भाताची कापणी झालेल्या मोकळ्या शेतात शेतकरी मेंढ्या बसवून घेतो. रात्रभर कळप बसला की शेताला लेंडीखत मिळते. त्याबद्दल पूर्वी धान्य देत, आता रोख पैसे देतात. पाऊस येण्याआधी कळप पुन्हा घाट चढून जातो. ठाणे, रायगड आणि आपल्या पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील भागात हे कळप येतात. वसईच्या मुलापासून मेंढी दोन-तीन तासांच्या वाटेवर होती, आणि तो तिला बेथलेहेमात शोधत होता.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुटीत आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गातील दहा-बारा मुले घेऊन वाडा तालुक्यात गेलो होतो. हेतू धरण पाहण्याचा होता. वाटेत एका शेतात धनगरांचा वाडा उतरलेला दिसला. (त्यांच्या मुक्कामालाही वाडाच म्हणतात, त्यामुळे मुलांचा गोंधळ झाला.) घोडी झाडाला बांधलेली, वाघुरीच्या जाळ्यात कोकरे कोंडलेली, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी. कळप नुकताच परतत होता. आमच्यातील एक मुलगी म्हणाली, "किती शेळ्या!" आम्ही म्हटले, "शेळ्या नव्हेत, मेंढ्या." तिचा विश्वास बसेना. "पण ह्या तर काळ्या आहेत!"

चुलीजवळची बाई हसली. त्या मुलीने तिलाच विचारले, "मावशी, पांढऱ्या मेंढ्या कुठे आहेत?"

"पांढऱ्या कुठनं आणू, बाळा? आमची जात काळीच."

वाटेत जन्मलेले कोकरू घोडीच्या पाठीवरील झोळीत बसून घाट उतरले होते, ते तिने मुलांच्या हाती दिले. मुलांनी ते आलटून पालटून घेतले. एका मुलाने, कोणी न सांगता, ते उचलून खांद्यावर घेण्याचा प्रयत्न केला आणि कोकराने त्याचा सदरा ओला केला. तसबिरीत ही गोष्ट दाखविलेली नसते. कळपात दहा-बारा शेळ्याही होत्या, दुधासाठी ठेवलेल्या. मेंढ्या आणि शेळ्या एकत्र चरतात व संध्याकाळी वेगळ्या कराव्या लागतात, हे मुलांनी तेथे पाहिले, आणि मत्तयाच्या त्या अध्यायाचा अर्थ सांगण्याचे आमचे काम कमी झाले. म्हाताऱ्या धनगराला आम्ही विचारले, "बाबा, इतक्या मेंढ्या ओळखता कशा? नावे ठेवता काय?" तो म्हणाला, "नाव कशाला पायजे? परतेकीला तोंड हाय की." मग त्याने जिभेने एक आवाज काढला. दूरच्या बांधावर रेंगाळलेल्या पाच-सहा मेंढ्या मुकाट चालत आल्या. मुलांपैकी दोघांनी तोच आवाज काढून पाहिला. एकही मेंढी हलली नाही. योहानाच्या दहाव्या अध्यायावर आम्ही इतक्या वर्षांत ऐकलेल्या प्रवचनांपैकी एकही त्या मुलांच्या मनात इतके ठसले नसेल.

ही माणसे ओव्या गातात. बिरोबाच्या, धुळोबाच्या. पुण्यात अनेक वर्षे राहिलेल्या सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने (१९३४–१९९२) त्या ऐकल्या, ध्वनिमुद्रित केल्या आणि जगापुढे ठेवल्या. स्टीफन्सची ओवी आणि धनगराची ओवी रचनेने वेगळ्या. पण शब्द एकच, आणि भाषाही एकच. तरीही उत्तम मेंढपाळाचे चित्र काढताना आमच्या कोणाही चित्रकाराला डोक्याला मुंडासे बांधलेला, खांद्यावर घोंगडी टाकलेला हा माणूस आठवल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

याच जिल्ह्यात बालशिक्षणाने दुसरा मार्ग दाखवून दिला होता, हे येथे सांगितले पाहिजे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा शाळाच कुरणावर गेली. तिला कुरणशाळा म्हणत. माँटेसोरीची महागडी साधने बाजूला ठेवून शिंपले, बिया, पाने, दगड यांवर त्यांनी मुलांना शिकविले. जे मुलाच्या डोळ्यांपुढे आहे तेथून आरंभ करावयाचा, ही त्यांची रीत. आमची धर्मशिक्षणाची चित्रे मात्र पुष्कळ काळ उलट दिशेने चालत राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ने शास्त्राचा शब्द आपल्या मराठीत आणून बसविला, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला. पण मुलांच्या अनेक सचित्र बायबलकथांत आजही चित्र परदेशातून येते आणि मराठी मजकूर त्याच्या खाली बसविला जातो. मराठीत आता माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकारांनी आपल्या घरांची, आपल्या अंगणांची उत्तम चित्रपुस्तके केली आहेत. आमच्या मेंढीला अद्याप असे अंगण लाभावयाचे आहे.

मुले चित्राकडे किती बारकाईने पाहतात याचे सुंदर उदाहरण फ्रेंच लेखक सेंट-एक्झुपेरी याच्या १९४३ सालच्या छोट्या राजपुत्राच्या पुस्तकात आहे. तो मुलगा लेखकाकडे मेंढीचे चित्र मागतो. एक चित्र तो नाकारतो, कारण ती आजारी दिसते. दुसरे नाकारतो, कारण त्याला शिंगे आहेत, म्हणजे तो एडका झाला! आमच्या अंकलिपीतल्या घोळावर इतक्या नेमकेपणाने कोणी बोट ठेवले नव्हते. इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या आमच्या मुलांना काळी मेंढी ठाऊक असते, ती १७४४ च्या सुमारास लंडनमध्ये छापलेल्या एका इंग्रजी बालगीतातून. त्या भाषेत घराण्याला बट्टा लावणाऱ्याला काळी मेंढी म्हणतात, हेही ती पुढे शिकतात. घाटावरच्या त्या मावशीला हे सांगण्याचा धीर आम्हांला होणार नाही.

त्या दिवशी परत निघताना पांढऱ्या मेंढ्या शोधणारी ती मुलगी म्हाताऱ्या धनगराच्या घोंगडीला हात लावून पाहत होती. म्हणाली, "अशी आमच्या माळ्यावर आहे. पणजोबांची." तेव्हा आम्हांलाही आठवले. आवणीच्या दिवसांत आमचे आजोबा डोक्यावरून घोंगडीची खोळ घेऊन चिखलात उभे असत. पावसाने ती जड होई, तिला एक उग्र वास येई, आणि आम्ही तिला शिवायला नको म्हणत असू. ती कशाची केलेली असते, हे आम्ही कधी विचारले नाही. समोर भिंतीवर कोकरू खांद्यावर घेतलेला येशू होता, आणि दारात काळ्या मेंढीची लोकर खांद्यावर घेतलेले आजोबा. दोन्ही रोज पाहून आम्हांला काहीच सुचले नाही.

पुढच्या डिसेंबरात मुलांनी गोठा केला तेव्हा त्या घोंगडीचा कसर लागलेला एक कोपरा कापून आणला आणि मातीच्या चार मेंढ्यांवर चिकटविला. त्यावर थोडी कुरबूर झाली. गव्हाणीजवळ काळी मेंढी बरी दिसत नाही, असे काहींचे म्हणणे पडले. तडजोड म्हणून दोन पांढऱ्या पुढे आल्या आणि चार काळ्या मेंढपाळांपाशी मागे राहिल्या. रात्रीच्या मिस्सानंतर धर्मग्रामातील एक वयोवृद्ध गृहस्थ काठी टेकीत गोठ्यापाशी आले. त्यांनी वाकून एका काळ्या मेंढीच्या पाठीवर बोट फिरविले आणि ती कसली आहे ते लगेच ओळखले. पावसाळ्याच्या तोंडावर घोंगडीवाले वसईच्या बाजारात येत, खांद्यावर चवड घेऊन दारोदार फिरत, आणि त्यांचे वडील दर दोन वर्षांनी एक घोंगडी घेत, असे त्यांनी सांगितले. ते लोक कोठून येत, असे मुलांनी विचारले. ते बराच वेळ आठवत राहिले, आणि मग म्हणाले, "ते काही आम्ही कधी विचारले नाही रे."